सूचना मराठीत, आराखडा इंग्रजीत: वाहतूक नियोजन करणाऱ्या यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
महानगर प्रदेशांचे वाहतूक आराखडे तयार करणारी प्राधिकरणे, महामंडळे, महानगरपालिका आणि त्यांनी नेमलेल्या सल्लागार संस्था,
महाराष्ट्र राज्य.

विषय: प्रादेशिक वाहतूक नियोजनात सर्वेक्षणापासून हरकतींच्या उत्तरापर्यंत इंग्रजी न येणाऱ्या रहिवाशांना भाषेची सोय मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या खारेपाटातला निवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले, त्यामुळे गावात इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत माझ्या ओटीवर येतो. पूर्वी हे कागद बँकेचे किंवा विम्याचे असत, फार तर कोर्टाचे. आता ते रस्त्यांचे, पुलांचे आणि मार्गिकांचे असतात. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द २०१९ मध्ये वाढून सुमारे ६,३२८ चौरस किलोमीटर झाली आणि पेण-अलिबागकडचा आमचा उरलेला भाग तिच्यात आला. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या नगरासाठी अधिसूचित झाली. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेची सव्वाशे किलोमीटरहून अधिक लांबीची रेघ वसईपासून आमच्या बाजूला येते आहे. रेघा ओढण्याला माझा विरोध नाही. आमची मुले रोज या रस्त्यांवरूनच कामाला जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांच्या शिवारातून या रेघा जातात त्यांना त्या वाचता येत नाहीत आणि त्यामुळे तुम्हालाही काही गोष्टी कधीच कळत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या प्रकल्पाची बैठक झाली. यंत्रणेचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार कुणा एकाचा नव्हे. पडद्यावर इंग्रजी तक्ते आणि तोंडी अर्धेमुर्धे मराठी अशा पद्धतीने सादरीकरण झाले. नंतर एक वयस्कर शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही शेतात जायला मोरी ठेवताय, पण ती उघाडीच्या अंगाला आहे. उधाणाची भरती असली की तिच्यात कमरेएवढं पाणी राहील. मग गुरं पलीकडे न्यायची कशी?’ ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की, मोरी म्हणजे रस्त्याखालून पलीकडे जायची वाट, आणि खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जे दार असते त्याला आम्ही उघाडी म्हणतो. बैठकीचे इतिवृत्त चार महिन्यांनी इंग्रजीत आले. त्यात त्या गृहस्थांचे बोलणे एका ओळीत होते: ग्रामस्थांनी पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न मांडला. शेजारच्या रकान्यात उत्तर होते की, निचऱ्याची व्यवस्था मानकांनुसार केली आहे. ते खरेही असेल. पण त्यांनी निचऱ्याबद्दल विचारलेच नव्हते. त्यांनी वाटेबद्दल विचारले होते. मराठीत सांगितलेली वाटेची अडचण इंग्रजीत उतरताना पाण्याच्या खात्यात गेली, आणि तिथे तिचे उत्तर तयारच होते. ते इतिवृत्त मराठीत आले असते तर गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून दुरुस्ती मागितली असती. माझ्याकडे तो कागद आला तेव्हा मुदत टळून गेलेली होती.

कायदे याबाबत अगदी मुके नाहीत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादनाच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो आणि त्यांतले एक लोकभाषेतले असावे लागते. हरकतीला २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अहवालच स्थानिक भाषेत उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत अहवालाचा सारांश राज्यभाषेत किंवा स्थानिक भाषेत द्यायचा असतो. जनसुनावणीत लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यांवर प्रकल्पकर्त्याने दिलेली उत्तरेही स्थानिक भाषेत लिहायची असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले चौथे कलम तर सर्वच यंत्रणांना सांगते की, स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यावी आणि महत्त्वाची धोरणे ठरवताना सर्व संबंधित तथ्ये जाहीर करावीत. शिवाय आपल्याकडे १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजासाठी स्वतंत्र कायदा झाला आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ पासून मराठी अभिजात भाषाही आहे.

तरीही घडते ते असे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात मराठी जाहीर सूचना येते. ती सांगते की, प्रारूप आराखडा संकेतस्थळावर पाहण्यास ठेवला आहे व हरकती आणि सूचना अमुक दिवसांत पाठवाव्यात. संकेतस्थळावर जावे तर तिथे काही शे पानांचा इंग्रजी अहवाल असतो. मराठीत असते ते फक्त दार. कायद्याचे अक्षर पाळले गेले, म्हणून पुढे न्यायालयात कुणी विचारले तर सूचनेचे कात्रण जोडता येते. मराठी सारांश असलाच तर तो चार पानांचा असतो आणि त्यात प्रकल्पाचे फायदे असतात. कोणाची वाट कुठे बंद होणार, बसचा थांबा कुठून कुठे सरकणार, पादचारी पूल कोणत्या बाजूला उतरणार हे सारे इंग्रजी परिशिष्टांत असते.

याहून अडचणीची गोष्ट म्हणजे वाहतुकीचे जे मूळ नियोजन असते, त्याला यातले बहुतेक नियम लागूच होत नाहीत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंतर शहरे सर्वंकष गतिशीलता आराखडे करू लागली, आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर असा आराखडा असल्याशिवाय मेट्रोचा प्रस्तावच पाठवता येणार नाही असे ठरवले. पण हा आराखडा वैधानिक नाही. प्रादेशिक योजना किंवा विकास आराखडा यांना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती-सूचनांचा टप्पा पार करावा लागतो, तसा याला करावा लागत नाही. पर्यावरण मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत महामार्ग आहेत, पण रेल्वे आणि मेट्रो नाहीत, त्यामुळे तिथे जनसुनावणीचेही बंधन नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत पैसा कोणत्या मार्गावर जाणार आणि कोणत्या मार्गावर नाही, हे ज्या कागदात ठरते तो असा आहे. तो प्रसिद्ध होईपर्यंत गावाला पत्ता नसतो आणि प्रसिद्ध झाल्यावर तो वाचता येत नाही. भूसंपादनाची मराठी नोटीस हाती पडते तेव्हा आखणी बदलण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. म्हणून भाषेची सोय शेवटच्या नोटिशीला नको, पहिल्या प्रश्नावलीला हवी.

प्रश्नावलीचे सांगायलाच हवे. वाहतूक आराखड्याचा पाया म्हणजे घरोघरी केलेले सर्वेक्षण. घरातला प्रत्येक माणूस काल कुठून कुठे, कशाने आणि कशासाठी गेला, हे त्यात विचारतात. आमच्या घरी असा एक तरुण आला होता. त्याच्या हातातल्या टॅबवर प्रश्न इंग्रजीत होते आणि तो ते जागच्या जागी मराठीत करत होता. त्याने माझ्या वहिनीला विचारले, ‘काल किती ट्रिप केल्या?’ वहिनी हसून म्हणाली, ‘आम्ही कुठे ट्रिपला जातोय बाबा या वयात!’ मराठी कानाला ट्रिप म्हणजे शाळेची सहल; त्याला विचारायच्या होत्या दिवसभरातल्या फेऱ्या. पोराने शून्य नोंदवले आणि तो पुढच्या घरी गेला. आदल्या दिवशी वहिनीने नातवाला अंगणवाडीत सोडले होते, मिनीडोर रिक्षा पकडून पेणच्या बाजारात जाऊन आली होती, दुपारी रेशन दुकानात खेप घातली होती आणि संध्याकाळी नातवाला परत आणले होते. वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या तुमच्या मॉडेलमध्ये ती बाई दिवसभर घरी बसलेली आहे. अशी किती घरे असतील याचा मी आकडा देऊ शकत नाही, पण नीट विचारले की काय सापडते याचे उदाहरण तुमच्याच दप्तरात आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ मध्ये पूर्ण झालेल्या वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्याही मोजल्या, तेव्हा एकूण फेऱ्यांतला त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास निघाला होता. मोजायचे ठरवले आणि समजेल असे विचारले, तर चालणारी माणसे दिसतात.

शब्दांचा हा प्रश्न वाहनांच्या नावांनाही लागू आहे. आमच्याकडे मिनीडोर, साताऱ्या-सांगलीकडे वडाप, आणखी कुठे काळी-पिवळी किंवा टमटम असते. खाडीत ‘तर’, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, चालते आणि उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. तुमच्या रकान्यात या साऱ्यांना मिळून एक इंग्रजी संक्षेप असतो. ज्याला विचारतो त्याने तो कधी ऐकलेला नसतो, म्हणून तो ‘इतर’ म्हणतो, आणि अहवालात ‘इतर’ची टक्केवारी पाहून कुणी त्यासाठी थांबा बांधत नाही.

आता नकाशे. अहवाल वाचता आला नाही तरी नकाशा कळेल, असे तुम्हाला वाटत असावे. तुमच्या नकाशावर ठिकाण ओळखायचे साधन म्हणजे साखळी क्रमांक, उदाहरणार्थ ४१/३००, म्हणजे आरंभबिंदूपासून ४१ किलोमीटर ३०० मीटर. शेतकऱ्याला त्याची जमीन गट नंबराने, सर्व्हे नंबराने आणि सातबाऱ्याने ठाऊक असते. गावांची नावे रोमन लिपीत आणि तीही अशी की, दोन शेजारच्या गावांपैकी कोणते हे आम्हालाही ओळखू येऊ नये. पाणंद, शिवरस्ता, वहिवाटीची पायवाट, होळीचा माळ, बंदरावर जायची वाट यांतले काही म्हणजे काही त्यावर नसते. मी एका नकाशावर तीन संध्याकाळी घालवून पेन्सिलने गट नंबर लिहून काढले, तेव्हा कुठे लोक बोलू लागले. त्याआधी ते नुसते मान हलवत होते. ही मान हलवणी तुमच्या अहवालात ‘ग्रामस्थांची अनुकूलता’ म्हणून जाते, अशी मला शंका आहे.

तुम्ही म्हणाल, तांत्रिक इंग्रजीला मराठी शब्द कुठून आणायचे? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. एका अहवालात ‘सेव्हरन्स’ हा शब्द वारंवार येत होता. मी इंग्रजीचा मास्तर, पण रस्त्याच्या संदर्भात मला तो लागेना. कोशात ‘विच्छेद’ मिळाला. मी ओटीवर बसलेल्यांना म्हटले, रस्त्यामुळे गावाचा विच्छेद होईल असे लिहिले आहे. कुणालाच काही बोध झाला नाही. मग सर्व्हिस रोड, दुभाजक, पलीकडची शाळा असे एकेक वाक्य समजावत गेलो, तशी एक आजी म्हणाली, ‘म्हणजे वाट तुटणार, असं सांग ना.’ वाट तुटणे. कोशाला जमले नाही ते तिने एका क्षणात केले. सरकारी मराठीही अनेकदा आमच्या कामाची नसते. ‘संरेखन’ असे लिहिले की लोक गप्प बसतात, ‘आखणी’ म्हटले की विचारू लागतात, आणि ‘अलाइनमेंट’ हा शब्द तर आता शेतकऱ्यांच्याही तोंडी बसला आहे. तो देवनागरीत खुशाल लिहा. शुद्ध मराठीचा आग्रह धरण्यासाठी हे पत्र नाही.

हे पत्र केवळ मराठीसाठीही नाही, हे स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते, कारण भाषेचा विषय निघाला की त्याला लगेच दुसराच रंग चढतो. याच महानगर प्रदेशात भिवंडीत उर्दू आणि तेलुगू बोलणारे यंत्रमाग कामगार आहेत. पालघरच्या बाजूला वारली आणि रायगडात कातकरी आहेत, ज्यांच्यासाठी कार्यालयीन मराठीसुद्धा परकीच असते. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात तर भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक आहे. सल्लामसलत म्हणजे समोरच्याला कळेल अशा बोलीत समजावणे आणि त्याच्या बोलीत ऐकून घेणे, एवढा तरी अर्थ असायला हवा.

अमेरिकेत २००० साली अध्यक्षांच्या एका आदेशाने सरकारी पैसा घेणाऱ्या यंत्रणांना, आणि त्यांत प्रादेशिक वाहतूक नियोजन संस्थांनाही, इंग्रजी कमी येणाऱ्यांसाठी भाषेची योजना करायला लावले होते. एखाद्या भाषेचे असे लोक ५ टक्के किंवा १,००० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे असले, तर महत्त्वाचे कागद लेखी भाषांतरित करावेत, असा मार्गदर्शक आकडा त्यांच्या परिवहन विभागाने स्वीकारला होता. मार्च २०२५ मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला. त्यांच्या जनगणना विभागाच्या एका तक्त्यात मराठीला स्वतंत्र रकाना नाही. नेपाळी, मराठी व इतर भारतीय-आर्य भाषा मिळून एक ओळ आहे. तिथे आपण एका ओळीतला तुकडा आहोत, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या राज्याची राजभाषा मराठी आहे तिथे इंग्रजी न येणारा बहुसंख्य माणूस नियोजनाच्या टेबलावर अल्पसंख्य ठरावा, ही गोष्ट मला तीस वर्षे इंग्रजी शिकवूनही पचत नाही.

ऐकल्याने काय बदलते, हे वरळीला दिसले आहे. किनारी रस्त्याच्या खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवायचे ठरले होते. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचे म्हणणे होते की, वारा आणि प्रवाह धरून नावा सुखरूप काढायच्या तर १६० मीटर लागतील. वाद लांबला, आंदोलने झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. तिथे अडचण फक्त भाषेची होती, असे मी म्हणणार नाही. पण नाव कशी वळते हे ज्यांना ठाऊक होते त्यांचे बोलणे काम सुरू झाल्यावर ऐकले गेले, आणि त्याची किंमत काळ, खर्च आणि मनस्ताप यांत मोजावी लागली. हेच बोलणे आखणीच्या वेळी त्यांच्या भाषेत विचारून लिहून घेता आले असते.

आता मागण्या. पहिली मागणी निविदेबद्दल आहे, कारण जे निविदेत नसते ते सल्लागार करत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही. सर्वेक्षणाची प्रश्नावली स्थानिक भाषेत तयार करणे, ती गावातल्या दहा-वीस घरी आधी तपासून पाहणे आणि प्रारूप अहवालाचे संपूर्ण मराठी भाषांतर देणे हे कामाच्या अटींत लिहावे व त्यासाठी रक्कम धरावी. प्रकल्पांच्या खर्चापुढे ही रक्कम दखल घेण्याजोगीही नसेल. भाषांतर यंत्राने करायला हरकत नाही. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही भाषांतर सेवा २०२२ पासून आहे. मात्र यंत्राने केलेला मसुदा एका अभियंत्याने आणि त्या तालुक्यातल्या एका माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये, नाहीतर ‘राइट ऑफ वे’चा, म्हणजे रस्त्यासाठी घ्यायच्या पट्ट्याचा, ‘मार्गाचा अधिकार’ होतो आणि लोकांना वाटते की आपल्याला काहीतरी हक्क मिळतो आहे.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी मुदतीबद्दल आहे. हरकतींचे दिवस मराठी आराखडा आणि गट नंबरांसह देवनागरी नकाशा ग्रामपंचायतीत लागल्याच्या तारखेपासून मोजावेत. तारीख बदलली की बाकीचे बरेचसे आपोआप सुधारेल, कारण उशीर तुमच्या वेळापत्रकात दिसू लागेल. २०२० मध्ये पर्यावरण मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर केवळ इंग्रजी-हिंदीत हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितले होते. हे करायला प्रत्येक गावाने न्यायालयात जावे काय?

तोंडी हरकत बोलणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावी, ध्वनिमुद्रण ठेवावे, आणि इतिवृत्ताचा मराठी मसुदा पंधरा दिवसांत गावात वाचून दाखवावा. उत्तरही मराठीत आणि कारणासह द्यावे. ‘नोंद घेतली’ हे उत्तर नव्हे. आणि एक किरकोळ वाटेल अशी विनंती: मराठी कागद युनिकोडमध्ये द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मोबाइलवर चौकटी आणि कचरा होऊन उघडतो, आणि स्कॅन केलेल्या प्रतीत माणूस आपल्या गावाचे नाव शोधू शकत नाही. मराठीत दिले आणि तरी वाचता आले नाही, असे व्हायला नको.

खारेपाटातले आम्ही काही जण मिळून शब्दांची एक यादी करत आहोत. त्यात एका बाजूला तुमचे शब्द आहेत आणि दुसऱ्या बाजूला आमचे: उघाडी, खांड, मोरी, पाणंद, वहिवाट, मिनीडोर, वाट तुटणे. आजपर्यंत दोनशेच्या वर शब्द झाले आहेत. ज्या यंत्रणेला हवी असेल तिला ती विनामूल्य देऊ. पुढचे सर्वेक्षण कधी आहे तेवढे कळवावे, म्हणजे त्या तरुणांना टॅब हातात घेण्यापूर्वी एक दुपार आमच्या ओटीवर बसता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
खारेपाट, जि. रायगड